ठकूबाईला बोलू दिलं नाही तो गुरुवार

नदीच्या काठावर एक गाव होतं, आणि त्या गावाला आपल्या वाचनालयाचा फार अभिमान होता.

पुस्तकं म्हणाल तर चार कपाटं, त्यातलं एक वाळवीने पोखरलेलं. अभिमान होता तो गुरुवारच्या बैठकीचा. दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या मोठ्या खोलीत सतरंजी अंथरली जायची आणि गावातलं कुणीतरी आपल्याला ठाऊक असलेलं चार लोकांना सांगायचं. कधी कुंभार यायचा आणि मडकं भट्टीत का तडकतं ते सांगायचा. कधी सुईण यायची. एकदा खालच्या आणि वरच्या आळीचं विहिरीवरून भांडण पेटलं होतं, तेही याच सतरंजीवर मिटलं. तीन गुरुवार लागले, आवाज चढले, एकाने पागोटं आपटलं, पण मिटलं.

ही बैठक सुरू केली होती ग्रंथपाल नारोपंतांनी. सडपातळ, मऊ बोलणारा माणूस. त्यांचा नियम एकच होता: ज्याला हाताने काम येतं त्याने बोलावं, आणि ज्याला शंका आहे त्याने विचारावं.

मग वाचनालयाला अध्यक्ष मिळाले.

हैबतराव हे गावाचे कारभारी. त्यांनी वाचनालयाला नवं छप्पर घालून दिलं, आणि छप्पर घातलं त्या दिवसापासून खाली बसणारी माणसंही आपलीच असं त्यांना वाटू लागलं. सतरंजीपुढे मंच आला. मंचावर खुर्च्या आल्या. कुंभाराऐवजी कुंभारकामावर बोलणारे पाहुणे येऊ लागले. शेवटी शंका विचारायची वेळ असायची, तिथे आता हारतुरे असायचे. नारोपंतांना हे आवडत नव्हतं. पण ते घरी जाऊन बायकोला सांगायचे, बैठकीत नाही.

त्याच गावाच्या टोकाला, नदी जिथे वळते तिथे, दोर वळणाऱ्यांची आळी होती. घायपाताची पानं पाण्यात कुजवायची, बडवायची, त्यातला वाख काढायचा आणि त्याचे दोर वळायचे, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. विहिरीचा दोर त्यांचा, गोठ्यातलं दावं त्यांचं, आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे नावेचा दोर.

बाजार, शाळा आणि वैद्य नदीच्या पलीकडे होते. या काठापासून त्या काठापर्यंत मांडीएवढ्या खुंटांना एक जाड दोर ताणलेला असायचा. भिवा नावाडी तो दोर हाताने ओढत ओढत नाव पलीकडे न्यायचा. सगळं गाव त्या दोराच्या भरवशावर नदी ओलांडायचं. आणि तरीही तो वळणारी माणसं बैठकीला आली, की चपला काढायच्या जागेपाशी बसायची. त्यांना तिथे बसा असं कुणी सांगत नव्हतं. पुढे या असंही कुणी म्हणत नव्हतं.

त्या आळीत ठकूबाई सगळ्यांत वाकबगार. वय साठीच्या आसपास, तळहात लाकडासारखे. नुसता दोर चिमटीत धरून तो किती वर्षं टिकेल ते सांगायची. जिभेला धार होती. आळीतली पोरंटोरं तिला भ्यायची आणि मोठी माणसं तिला विचारल्याशिवाय कामाला हात घालायची नाहीत.

त्या वर्षी हैबतरावांनी नावेचा दोर ठकूबाईच्या आळीकडून घेतला नाही. ते शहरात गेले होते. तिथल्या एका व्यापाऱ्याने त्यांना गादीवर बसवलं, पंख्याने वारा घातला आणि एक दोर दाखवला. पिवळाधमक, गुळगुळीत, मेण लावल्यासारखा चमकणारा. हैबतराव हरखले. त्यांनी तोच दोर आणून दोन्ही काठांना ताणला आणि खुंटाला पितळेची पाटी ठोकली: ‘कारभारी हैबतराव यांच्या कारकिर्दीत.’

आठवडाभराने ठकूबाई बाजाराला निघाली. नावेत बसल्या बसल्या तिने वर हात करून दोर चाचपला. मग दोन्ही हातांनी धरला. मग नाकाशी नेला.

“भिवा,” ती म्हणाली, “हा दोर कुणी बघून घेतला?”

“अध्यक्षांनी.”

“डोळे मिटून घेतला का?”

भिवा हसला नाही. तो खालच्या आवाजात म्हणाला, “मावशी, ओला झाला की हा माझ्या हातात फिरतो. आपोआप. गेल्या आठवड्यापासून फिरतोय. मी अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, नवा आहे, बसेल हळूहळू.”

“बसणार नाही, उलगडणार आहे,” ठकूबाई म्हणाली. “अरे, पेडाला एका अंगाने पीळ देतात आणि तीन पेड एकत्र वळताना दुसऱ्या अंगाने देतात. दोन पीळ एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून दोर दोर राहतो. या गाढवाने दोन्ही पीळ एकाच अंगाने दिलेत. आणि आत काय भरलंय देव जाणे. नुसती चमक आहे. भर पाण्यात हा टिकायचा नाही.”

“मग काय करायचं?”

“करायचं काय? गुरुवारी बैठक आहे ना? तिथे सांगू. सगळ्यांसमोर.”

योगायोग असा, की त्या गुरुवारचा विषय होता दोर. वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर नारोपंतांनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं: ‘आपल्या गावची दोरकला: एक वैभवशाली परंपरा.’ बोलणारे होते शहरातले एक विद्वान. आणि ठकूबाईला चक्क मंचावर बोलावलं होतं. तिला वाटलं, चला, या लोकांना अक्कल आली.

आली नव्हती. तिला मंचाच्या कोपऱ्यात जमिनीवर बसवलं. पुढ्यात वाख ठेवला, पीळ द्यायची फिरकी ठेवली आणि हैबतराव म्हणाले, “ठकू, पाहुणे बोलतील तोवर तू वळत राहा. लोकांना बघायला बरं वाटेल.”

विद्वान तासभर बोलले. फिरकीला ते चरखा म्हणाले. घायपाताला ताग म्हणाले. ठकूबाईने दोनदा मान वर केली, दोनदा गप्प बसली. शेवटी ते डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले, “काळाच्या ओघात ही कला आता लोप पावत चालली आहे.”

तेव्हा तिच्याने राहवलं नाही.

“काळाच्या ओघात नाही हो,” ती म्हणाली. “आम्ही जिवंत आहोत, हात शाबूत आहेत, आळीत बारा घरं दोर वळतात. ह्यांनी आमचा दोर घेतला नाही. ओघाचं नाव कशाला घेता?”

खोलीत खसखस पिकली. हैबतरावांचा चेहरा लाल झाला. पण त्यांनी हसून घेतलं आणि शाल उचलली. “ठकूच्या जिभेला तेल लागत नाही. चला, सत्कार करून घेऊ.”

“शाल राहू द्या,” ठकूबाई उभी राहिली. “मला नावेच्या दोराबद्दल बोलायचंय. तो दोर...”

“आजचा विषय कला आहे. नाव नाही.”

“दोर नावेचाच आहे!”

“ठकू, पाहुण्यांसमोर गावाची शोभा करू नकोस.”

मागून, चपलांच्या जागेपासून, एक हात वर झाला. भिवा नावाडी. तो उभ्या आयुष्यात बैठकीत कधी बोलला नव्हता. “मलापण त्या दोराचंच...”

“अरे वा!” हैबतराव म्हणाले. “आज नावाडीही व्याख्यान देणार!”

लोक हसले. भिवाने हात खाली घेतला.

ठकूबाईने मंचावरच्या खुर्च्यांकडे पाठ फिरवली आणि नारोपंतांकडे बघितलं. ते दाराशी फळ्याजवळ उभे होते.

“पंत,” ती म्हणाली, “ही बैठक तुम्ही सुरू केली. इथे कुणी बोलायचं हा नियम तुमचा. तुम्ही सांगा. बोलू का मी?”

सगळी खोली नारोपंतांकडे वळली. एक ‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर. हैबतरावांनी त्यांना काही सुळावर चढवलं नसतं. फार तर रागावले असते, फार तर ग्रंथपालाची जागा गेली असती.

नारोपंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“ठकूबाई,” ते मऊ आवाजात म्हणाले, “आज राहू दे. पुढच्या गुरुवारी नक्की वेळ देतो तुम्हाला.”

तिने फिरकी उचलली, शाल तिथेच खुर्चीवर टाकली आणि निघून गेली. तिच्यामागून आळीतली सगळी उठली. भिवाही उठला. खोलीत टाळ्या वाजत होत्या, विद्वानांसाठी.

मधले सात दिवस ठकूबाई रोज घाटावर उभी राहिली. नावेत बसायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, “बसू नका. दोर फसवा आहे.” कुणी म्हणायचं, हिला काम मिळालं नाही म्हणून पोटात दुखतंय. कुणी म्हणायचं, बाजाराला काय पोहत जाऊ? शहाणी माणसं म्हणायची, “गुरुवारी बैठकीत ठरू दे ना एकदा. मग बघू.”

भिवाने आपल्यापरीने एक केलं. नावेत वीस माणसं मावत, तो बाराच घेऊ लागला. हैबतरावांना कळलं, तेव्हा त्यांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं. “नाव चालवायची नसेल तर सांग. नावाडी पुष्कळ आहेत.” घरी म्हातारी आई होती, बायको होती. भिवा नाव चालवत राहिला. पण बारावर तेरावं माणूस त्याने घेतलं नाही.

गुरुवार आला. ठकूबाई उजेड असतानाच येऊन वाचनालयाच्या पायरीवर बसली होती. फळ्यावर लिहिलं होतं: ‘उत्तम वक्ता कसे व्हावे. वक्ते: खुद्द अध्यक्ष.’

ही चेष्टा नव्हती. खरंच तोच विषय होता.

नारोपंत दारात आले. त्यांनी तिच्या नजरेला नजर दिली नाही. “ठकूबाई, आज विषय वेगळा ठेवलाय अध्यक्षांनी. माझ्या हातात नव्हतं.”

“खडू कुणाच्या हातात होता, पंत?”

नारोपंतांच्या बोटांना अजून पांढरी भुकटी होती. ते आत गेले. हैबतराव दोन तास बोलले. वक्त्याने समोरच्यांची मनं ओळखावीत असं ते म्हणाले, आणि नारोपंतांनी आभार मानले.

सोमवारी दोर तुटला.

बाजाराचा दिवस होता. भाद्रपदातली नदी, पाणी गढूळ आणि ओढीचं. नावेत बारा माणसं आणि भिवा. नाव मध्यावर गेली आणि दोर भिवाच्या हातात गर्रकन फिरला. पीळ सुटला, पेड वेगळे झाले आणि गावाकडच्या बाजूने दोर कापसाच्या वातीसारखा विस्कटून गेला. नाव आडवी झाली आणि प्रवाहाबरोबर खाली निघाली.

नदीच्या वळणावर आळीतली माणसं पाण्यात उभी राहून घायपात धूत होती. त्यांनी आरडाओरड ऐकली. ठकूबाईने वळून बघितलं आणि ती ओरडली, “घरातले दोर आणा! सगळे आणा!” विकायला ठेवलेले, अर्धे वळलेले, झोळीचे, खाटेचे, सगळे दोर आले. एकाला एक गाठ मारून त्यांनी ते पाण्यात फेकले. ठकूबाई छातीएवढ्या पाण्यात होती. मागून चार बायकांनी तिचं लुगडं धरून ठेवलं होतं.

नाव वळणावरच्या खडकाला लागली आणि कलंडली. काठावरून फेकलेला दोर भिवाने पकडला आणि पहिल्यांदा एका लेकुरवाळीच्या कमरेला बांधला. मग तो दोर परत आला, मग दुसरं माणूस गेलं. असे बाराच्या बारा त्याने काठाला लावले. बारावा माणूस काठावर ओढला जात असताना नाव खडकावरून घसरली. भिवा नावेबरोबर गेला.

तो दोन कोसांवर सापडला, दुसऱ्या दिवशी सकाळी.

गुरुवारी वाचनालयात शोकसभा ठेवली होती. एवढी गर्दी कधी झाली नव्हती. मंचावर भिवाचं मोडकं वल्हं उभं केलं होतं आणि त्याला हार घातला होता. पुढच्या ओळीत त्याची बायको गिरजा बसली होती. तिला पुढे बसवायला मात्र आज कुणी विसरलं नव्हतं.

हैबतराव बोलायला उभे राहिले. आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता, हे सांगायला हवं. माणूस दगड नव्हता. आपण चुकलो एवढंच त्याला म्हणता येत नव्हतं.

“नदीचा कोप झाला,” ते म्हणाले. “नियतीपुढे कुणाचं चालतं? भिवा आपल्या गावाचा वीर होता. त्याच्या नावाने आपण घाटावर एक पाटी लावू. आता सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळावी.”

लोक उभे राहिले. माना खाली गेल्या.

“नको.”

आवाज मोठा नव्हता, पण खोली शांत होती म्हणून सगळ्यांना ऐकू आला. नारोपंत दाराजवळून मंचाकडे चालत येत होते. त्यांचा चष्मा हातात होता.

“शांतता पाळायची नाही,” ते म्हणाले. “गेले दोन गुरुवार आपण शांतताच पाळली. त्याच शांततेनं हा माणूस मारलाय.”

“नारोपंत, तुमचं मन ठिकाणावर नाही. खाली बसा,” हैबतराव म्हणाले.

“दोन आठवड्यांपूर्वी याच खोलीत या माणसाने हात वर केला होता. तुम्ही त्याची टिंगल केलीत, अध्यक्ष. आणि ही सगळी मंडळी हसली. मी हसलो नाही. मी त्याहून वाईट केलं. मला ठकूबाईने विचारलं, बोलू का. मी म्हणालो, पुढच्या गुरुवारी. पुढच्या गुरुवारी मी माझ्या या हाताने फळ्यावर दुसरा विषय लिहिला. नियती कसली? नियतीला असं सुंदर अक्षर नसतं. माझं होतं ते.”

गिरजा वर बघत होती.

नारोपंत चपलांच्या जागेकडे वळले. “ठकूबाई, बोला. मला फार उशीर झालाय. पण बोला.”

ठकूबाई उठली. दोन्ही तळहातांना फडकी बांधली होती. ती सावकाश पुढे आली. लोकांनी वाट करून दिली. मंचावर न चढता ती सतरंजीच्या मधोमध उभी राहिली. काखेतलं गाठोडं तिने सोडलं. त्यात त्या पिवळ्या दोराचा हातभर तुकडा होता.

“अध्यक्ष, खाली या,” ती म्हणाली. “एक टोक धरा.”

“ही काय वेळ आहे का, ठकू...”

“ठकूबाई म्हणा.” ती ओरडली नाही. पण तो आवाज ऐकून मंचाजवळची माणसं मागे सरली. “माझा नातू मला ठकूबाई म्हणतो. भिवा मावशी म्हणायचा. तुम्हाला काय झालं? खाली या आणि टोक धरा.”

हैबतरावांनी इकडेतिकडे बघितलं. ज्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माना वळवल्या नाहीत. ते खाली आले. त्यांनी टोक धरलं.

ठकूबाईने दुसरं टोक धरून नुसतं बोटांनी फिरवलं. पेड आपोआप सुटले. तिने एक पेड उलगडला आणि आतला भराव सतरंजीवर झटकला. कुजक्या चिंध्या पडल्या. भुसा पडला. पोत्याचे सडके तुकडे पडले. वरून फक्त नखभर जाडीचा चांगला धागा होता, मेण चोळलेला.

“हे बघा,” ती म्हणाली. “सगळ्यांनी या आणि हात लावून बघा. हे सांगायला मला किती वेळ लागला असता? आत्ता लागला तेवढा. एवढाच वेळ मी मागत होते. तुम्ही शाल द्यायला निघालात. अरे, शाल काय करायची आहे आम्हाला? आम्हाला येतं ते काम आहे आणि त्या कामातलं आम्हाला कळतं. तुम्हाला आमचे हात मंचावर चालतात, बघायला बरं वाटतं म्हणून. तोंड मात्र चालत नाही!”

मग ती गर्दीकडे वळली.

“आणि तुम्ही. मी सात दिवस घाटावर उभी होते. माझ्या पोटात दुखतंय म्हणालात. हो, दुखत होतं. तुम्ही पाण्यात जाणार होता म्हणून दुखत होतं.”

मागच्या भिंतीशी एक बाई हुंदका आवरू शकली नाही. ती नावेतली लेकुरवाळी होती.

हैबतराव दोराचं टोक हातात धरून तसेच उभे होते. ते टाकावं की धरावं हे त्यांना कळेना. शेवटी ते म्हणाले, “मला त्या व्यापाऱ्याने फसवलं.”

तेव्हा गिरजा उठली. चार दिवस ती कुणाशी बोलली नव्हती.

“त्याने तुम्हाला एकदा फसवलं,” ती म्हणाली. “माझ्या माणसाने तुम्हाला दोनदा सांगितलं. एकदा तुमच्या दारात येऊन आणि एकदा इथे. तुम्हाला व्यापारी खरा वाटला आणि रोज तो दोर ओढणारा खोटा वाटला. पाटी लावू नका त्याच्या नावाची. तुमच्या पाट्या पुरे झाल्या.”

हैबतराव खाली बघत दाराकडे गेले. इतर वेळी ते उठले की चारसहा माणसं त्यांच्याबरोबर उठायची. आज एकही उठलं नाही. त्यांना आपल्या चपला स्वतः शोधाव्या लागल्या आणि त्या गर्दीत त्या लवकर सापडेनात.

सभा उशिरापर्यंत चालली. हैबतरावांनी कारभार सोडावा असं गावाने ठरवलं, आणि तो त्यांना सोडावा लागला. वाचनालयाच्या मंचाच्या फळ्या काढून नव्या नावेला लावायच्या ठरल्या. मग सगळे ठकूबाईकडे बघू लागले. कुणीतरी चाचरत विचारलं, “नावेचा दोर... आळी वळून देईल का?”

आळीतल्या तरुणांच्या मनात नाही म्हणायचं होतं. त्यांचे चेहरेच सांगत होते. ठकूबाईने त्यांच्याकडे बघितलं आणि ती म्हणाली, “देऊ. पलीकडे आमचीही लेकरं शाळेला जातात. पण दोर खुंटाला बांधायच्या आधी इथे, या सतरंजीवर आणणार. सगळ्यांनी ओढून बघायचा. आमचा असला म्हणून डोळे मिटून घ्यायचा नाही. आणि दर महिन्याला नावाड्याने इथे उभं राहून दोर कसा आहे ते सांगायचं, तेव्हा बाकीच्यांनी गप्प बसून ऐकायचं.”

“नावाडी कोण?” कुणीतरी विचारलं.

“मी,” गिरजा म्हणाली. कुणीही हसलं नाही.

लोक पांगल्यावर नारोपंत ठकूबाईजवळ आले. त्यांनी वाचनालयाच्या किल्ल्या पुढे केल्या. “मी ही जागा सोडतो. माझी लायकी नाही.”

ठकूबाईने किल्ल्यांना हात लावला नाही.

“सोडून जाणं सोपं आहे, पंत. दुसरं कुणी येईल, त्याला पहिल्यापासून शिकवावं लागेल. तुम्हाला निदान आता ठाऊक आहे, गप्प बसल्याने काय होतं. राहा इथेच. दर गुरुवारी दारात उभे राहा आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, तुला काही सांगायचंय का. एकाला विसरलात, तर मी आहे.”

नारोपंत राहिले. त्यापुढे वीस वर्षं त्यांनी दर गुरुवारी दारात उभं राहून प्रत्येकाला तो प्रश्न विचारला. लोक कधी नुसती तक्रार करायचे, कधी तासभर निरर्थक बोलायचे. एकदा तर एक गृहस्थ आपल्या सांधेदुखीवरच बोलत बसले. नारोपंतांनी कुणालाही पुढच्या गुरुवारी या म्हटलं नाही.

ठकूबाईने त्यांना माफ केलं का? नाही. ती दर गुरुवारी यायची, सतरंजीवर पुढे बसायची, भांडायची, शिकवायची, विचारायची. नारोपंतांशी कामापुरतं बोलायची. बऱ्याच वर्षांनी, दोघंही थकल्यावर, एकदा नारोपंतांनी धीर करून विचारलं, “ठकूबाई, राग गेला का हो?”

“नाही,” ती म्हणाली. “आणि जाऊही नये. माझा राग गेला, की तुम्ही सगळे पुन्हा हसायला लागाल.”

मग तिने गिरजेला हाक मारली आणि त्या महिन्याचा दोर कसा आहे ते सांगायला सांगितलं. सगळी खोली ऐकू लागली.

तात्पर्य, मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही ऐका: कारागिराला शाल देऊन त्याचं म्हणणं न ऐकणं हा त्याचा अपमान आहे. आणि बोलणाऱ्याला अडवणारा जेवढा दोषी, तेवढाच ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणणारा भला माणूसही दोषी आहे.